भाकरी फिरायची थांबते तेव्हा हाताला काय कळतं?

काठवट

ज्वारीच्या भाकरीच्या कृती आंतरजालावर पोत्याने पडल्या आहेत. "उकड घ्या, मळा, गोळा करा, थापा." यातल्या "थापा" या एका शब्दापाशी नव्वद टक्के लोक अडकतात आणि कृती लिहिणारा तोवर तव्यावर पोचलेला असतो. हा धागा त्या एका शब्दासाठी.

आधी पिठाचं. ज्वारीत ग्लूटेन नाही. पोळी लाटताना हात चुकला तरी कणीक ताणली जाते, थोडी मागे येते, सांभाळून घेते. ज्वारीचं पीठ काहीच सांभाळत नाही. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकट होतो, तेवढाच काय तो धरबंध. एका भाकरीला १०० ग्रॅम पीठ धरलं तर पाणी साधारण ७५ मिली लागतं. ताज्या दळणाला थोडं कमी, महिनाभर पडलेल्या पिठाला जास्त, आणि विरी (पिठाचा चिकटपणा) गेलेल्या पिठाला कितीही घातलं तरी व्यर्थ. तळव्याच्या टाचेने तीन-चार मिनिटं रगडून मळायचं. गोळा दाबल्यावर कडेला भेगा पडल्या तर पाणी किंवा मळणं कमी पडलंय. बोट उचलताना गोळा बोटाबरोबर ओढला गेला तर पाणी जास्त झालंय.

आता थापणं. परातीत चमचाभर कोरडं पीठ पसरायचं, गोळा जरा चपटा करून त्यावर ठेवायचा. उजव्या हाताने थाप, डाव्या हाताची बोटं कडेला आडवी, कड फाटू नये म्हणून. थाप बरोबर मध्यावर पडत नाही. ती कडेच्या दोन बोटं आत पडते आणि हात उचलताना किंचित बाजूला ओढ घेतो. त्या ओढीने भाकरी फिरते, खालचं कोरडं पीठ बारीक छर्‍यांसारखं काम करतं. भाकरी मुद्दाम फिरवायची नसते, ती फिरली पाहिजे.

सराईत हाताला चार ठिकाणांहून खबर येते: तळव्याखालची जाडी, फिरण्याची सहजता, थापेचा आवाज आणि डोळ्याला दिसणारी कड. नवशिका फक्त चौथी वापरतो. कड फाटलेली दिसते तेव्हा खाली भाकरी चिकटून चार-पाच थापा होऊन गेलेल्या असतात. सराईत बाई मात्र कड फाटायच्या आधीच थांबते, कड उचलून खाली पीठ सारते. तिला ते कळतं कसं, हा प्रश्न. जाणकारांनी लिहावं.

नसपेशी

विषय आवडला. डोळा उशिरा का पोचतो, तिथून सुरू करतो.

मनगटाशी नसेला विजेचा हलका झटका दिला की त्याची नोंद मेंदूच्या पृष्ठभागावर सुमारे २० मिलिसेकंदांत मिळते. म्हणजे स्पर्शाची खबर जवळजवळ लगेच वर पोचते. डोळ्याचं तसं नाही, दृष्टिपटलावरची रासायनिक क्रियाच मुळात सावकाश चालते. दिवा दिसला की बटण दाबा असं सांगितलं तर माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, आवाज ऐकून दाबायला दीडशेच्या आसपास.

आता थापेचा हिशोब करा. सेकंदाला दोन-तीन थापा पडतात आणि थाप पिठाला टेकलेली असते तो काळ तर याहून कितीतरी छोटा. त्या टेकण्याच्या आत डोळ्याने बघून हात सुधारणं शक्यच नाही. थापेचा जोर हात खाली येण्याआधी ठरलेला असतो, आणि चुकला तर सुधारणा पुढच्या थापेत होते.

हे नवं नाही. रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये लोकांना मेट्रोनोम या लयीचे ठोके देणार्‍या यंत्राच्या ठोक्यावर ठरावीक लांबीच्या रेघा मारायला लावल्या, एकदा डोळे उघडे ठेवून, एकदा मिटून. सावकाश मारताना उघड्या डोळ्यांचा मोठा फायदा होता. वेग मिनिटाला १४० रेघांच्या आसपास गेल्यावर डोळे उघडे असोत की मिटलेले, चूक सारखीच. डोळ्याला मध्ये पडायला वेळच उरत नव्हता.

तुमच्या सराईत बाईंची थाप त्याच पट्ट्यात आहे. म्हणून त्यांची नजर परातीवर असते पण थापेवर नसते. ती पुढच्या दोन-तीन थापा कुठे पडायच्या ते ठरवत असते.

उलटतवा

सगळं बरोबर, पण आवाजाला काठवटांनी तिसर्‍या नंबरवर टाकलंय हे पटलं नाही. स्टीलच्या परातीत थापत असाल तर आवाज पहिला. गोळा जाड असताना थाप "धप्" अशी बसकी येते. भाकरी पातळ होत गेली की खालची परात बोलायला लागते, आवाज "टप्"कडे जातो. एका बाजूला टप् आणि दुसर्‍या बाजूला धप् ऐकू आलं की भाकरी लंगडी झाली. ती डोळ्याला दिसत नाही, कारण वरून सगळी गोलच दिसते.

लाकडी काठवटीत मात्र हा फरक बराच कमी ऐकू येतो, हेही खरं.

काठवट

मान्य. नाव काठवट घेतल्यामुळे परातीवर अन्याय झाला.

नसपेशी

आता फिरण्याची सहजता हाताला कशी कळते ते. हाताच्या तळव्याच्या बाजूच्या कातडीत स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० नसतंतू आहेत आणि त्यांचे ढोबळ चार प्रकार. मेर्केल दाब आणि कड-कोपरा टिपतात. रुफिनी कातडीचा ताण टिपतात. माइस्नर सावकाश थरथर आणि घसरण टिपतात, सेकंदाला ३०-४० कंपनांना ते सर्वांत तल्लख. पॅसिनी खोलवर असतात आणि सेकंदाला २००-३०० च्या बारीक कंपनांना जागे होतात.

भाकरी मोकळी फिरत असते तेव्हा हाताच्या बाजूच्या ओढीला विरोध होत नाही, भाकरी हाताबरोबर सरकते. ती खाली चिकटायला लागली की तीच ओढ कातडीवर येते. हात पुढे सरकतो, भाकरी मागे राहते, बोटांची कातडी ताणली जाते आणि मग घसरते. रुफिनी आणि माइस्नर दोघेही बोंब मारतात. फाटायला अजून वेळ असतो, पण खबर आलेली असते.

स्वीडनमध्ये उमिओ विद्यापीठाच्या योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी १९८४ मध्ये हेच चिमटीत धरायच्या वस्तूवर दाखवलं. वस्तूला कधी रेशीम, कधी सँडपेपर लावला. माणसं घसरडेपणाप्रमाणे चिमटीचा जोर आपोआप कमी-जास्त करत होती, आणि लागेल त्याहून थोडाच जास्त ठेवत होती. वस्तू किंचित निसटली तर ७०-८० मिलिसेकंदांत पकड घट्ट व्हायची, माणसाला "निसटतंय" असं जाणवायच्याही आधी. बोटं बधिर केली की हा हिशोब कोसळायचा आणि माणूस उगाच जोर लावून धरायचा.

स्वयंपाकघरात याचं रोजचं उदाहरण म्हणजे तेलकट हाताने स्टीलचा पेला उचलणं. पहिल्यांदा निसटतो, दुसर्‍यांदा पकड आधीच घट्ट असते.

बोटचेपी

मग उलथणं किंवा लाटणं मध्ये आलं की हे सगळं जातं का? पिठलं ढवळताना तळाला लागतंय हे पळीतून कळतं, तिथे तर बोटं पिठल्याला लागलेलीच नसतात.

नसपेशी

ते पॅसिनींचं काम. पळीचं टोक तळाला घासलं की दांड्यातून बारीक कंपन येतं, आणि पॅसिनी ते दूरवरून पकडतात. पिठलं लागायला लागलं की पळीची सळसळ जाऊन खरखर येते. गवंड्याला थापीतून गिलावा किती ओला ते कळतं, तेही असंच. दांडा फार आवळून धरला तर मात्र बारीक खबर दबते. सैल पकडीत जास्त कळतं.

ठेका१६

आवाजाच्या खबरीबद्दल तबल्याच्या बाजूने भर घालतो. स्वतःच्या हाताचा आवाज उशिरा आला की हात बिघडतो, हे ऑनलाइन शिकवण्यांमुळे आता घराघरात माहीत झालंय, कारण मात्र माहीत नसतं.

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मीटरमागे ३ मिलिसेकंद. साथीदार तीन मीटरवर बसला तर ९-१० मिलिसेकंद, कुणालाच जाणवत नाही. २५-३० च्या पुढे गेलं की दोघे एकमेकांची वाट बघायला लागतात आणि लय खाली येते. ब्लूटूथच्या कानगोळ्यांतून हा उशीर सहज शे-दोनशे मिलिसेकंदांवर जातो, व्हिडिओ कॉलमध्ये त्याहून वर. मिनिटाला दीडशे मात्रांच्या लयीत एक मात्रा ४०० मिलिसेकंदांची, म्हणजे २०० चा उशीर झाला तर आवाज बरोबर अर्ध्या मात्रेवर येऊन आदळतो. विद्यार्थी आपोआप हात थांबवतो.

बोलण्याचंही तेच. स्वतःचा आवाज सुमारे २०० मिलिसेकंद उशिरा कानात सोडला की चांगला बोलणारा अडखळतो, अक्षरं दुहेरी करतो. बर्नार्ड ली याने १९५० मध्ये हे नोंदवलं.

उपाय साधे आहेत. तारेचे कानगोळे वापरा. शिक्षक आणि विद्यार्थ्याने एकत्र वाजवू नका, आळीपाळीने वाजवा. स्वतःचा आवाज कॉलमधून परत ऐकू येत असेल तर आधी ते बंद करा. खबर न मिळाली तर हात जुन्या सवयीवर चालतो. उशिराची खबर मिळाली तर तो ती खरी मानून चुकीच्या जागी दुरुस्ती करतो, आणि हे जास्त वाईट.

अवांतर झालं असेल तर क्षमस्व.

उलटतवा

अवांतर कसलं, परातीचा टप् पण अर्ध्या मात्रेने आला तर भाकरीचं काय होईल!

शिकाऊ_उमेदवार

काठवट, नवशिक्याचं काय करायचं ते सांगा ना. "हलक्या हाताने थाप" असं सांगून कुणी हलक्या हाताने थापत नाही. शिकवणार्‍याला वाटतं हा ऐकत नाही, शिकणार्‍याला वाटतं मी हलकंच तर थापतोय.

नसपेशी

इथे दोघेही खरं बोलतायत. मेंदू हाताला हुकूम सोडतो तेव्हा त्याची एक नक्कल स्वतःकडे ठेवतो आणि "आता असं जाणवेल" याचा अंदाज बांधतो. अंदाजाप्रमाणे आलेली खबर तो दाबून टाकतो. म्हणून स्वतःला गुदगुल्या होत नाहीत. आणि म्हणूनच स्वतः लावलेला जोर प्रत्यक्षापेक्षा कमी वाटतो.

लंडनमध्ये २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आठवा. दोघांना समोरासमोर बसवलं, एकाने दुसर्‍याच्या बोटावर दाब द्यायचा, दुसर्‍याने "तेवढाच" परत करायचा. दोघेही प्रामाणिकपणे तेवढाच देत होते आणि दाब फेरीगणिक भराभर वाढत गेला. लहान मुलांच्या "त्याने जोरात मारलं" या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असावं.

तेव्हा "हलकं" हा शब्द निरुपयोगी आहे. हाताला बाहेरचं माप द्या.

काठवट

बाहेरचं माप द्यायचे दोन मार्ग.

पहिला: परातीत नुसतं कोरडं पीठ पसरा, गोळा नको, आणि त्यावर थापायला सांगा. योग्य जोराला पिठावर बोटांचा ठसा उमटतो पण परातीचं स्टील उघडं पडत नाही. स्टील दिसलं की जोर जास्त. हा जोर हाताला एकदा मिळाला की गोळा ठेवा.

दुसरा: लक्ष हातावर ठेवायलाच सांगू नका. "बोटं अशी ठेव, मनगट तसं वळव" म्हटलं की हात लाकडाचा होतो. "भाकरी फिरती ठेव" एवढंच सांगा. फिरायची थांबली की थापणं थांबवायचं, कड उचलायची, चिमूटभर पीठ खाली सारायचं, पुन्हा सुरू. नियम एकच.

नसपेशी

दुसर्‍या मार्गाला संशोधनाचा चांगला आधार आहे. गाब्रिएले वुल्फ आणि सहकार्‍यांनी १९९८ मध्ये स्कीच्या सरावयंत्रावर दाखवलं की पायांवर लक्ष देणार्‍यांपेक्षा यंत्राच्या चाकांवर लक्ष देणारे चांगलं शिकले. शरीरावरचं लक्ष हालचालीतली स्वयंचलित दुरुस्ती अडवतं. ती दुरुस्ती ५० ते १०० मिलिसेकंदांत होते, विचार तेवढ्यात सुरूसुद्धा होत नाही.

आणि शिकवणार्‍यांनी किती बोलावं हेही बघा. १९८४ मध्ये सालमोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेऊन म्हटलं की दर वेळी निकाल सांगितला तर सरावात माणूस छान करतो आणि सांगणारा गेला की ढेपाळतो, कारण त्याने स्वतःच्या हाताचं ऐकायला शिकलेलंच नसतं. विन्स्टाइन आणि श्मिट यांनी १९९० मध्ये निम्म्याच प्रयत्नांनंतर निकाल सांगून पाहिला, दुसर्‍या दिवशी त्या लोकांना जास्त लक्षात राहिलं होतं.

भाकरीला लावायचं तर: एक भाकरी पूर्ण होईस्तोवर गप्प. झाल्यावर आधी त्यालाच विचारा, "कुठली बाजू जाड वाटते?" मग चिमटीत धरून दाखवा. एकाआड एक भाकरीला सांगितलं तरी पुरे.

बोटचेपी

गप्प बसणं हेच आपल्याकडे सर्वांत अवघड. थापणारा एक आणि परातीभोवती सल्लागार चार.

पडवी

माझं काम फिजिओथेरपीचं आहे, म्हणून एक वेगळी बाजू. स्पर्श आणि सांध्यांची जाण गेली तर काय होतं याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ब्रिटनमधल्या इअन वॉटरमनचं. १९७१ मध्ये, १९ व्या वर्षी, एका आजारपणानंतर त्याची मानेखालची स्पर्शाची आणि आपले हातपाय कुठे आहेत याची जाण गेली. स्नायू शाबूत होते, वेदना आणि ऊन-थंड कळत होतं. तरी त्याला बसताही येईना. पुढे तो चालायला शिकला, पण प्रत्येक पाऊल डोळ्याने बघून. खोलीतला दिवा गेला की तो खाली कोसळायचा.

रोजच्या व्यवहारातलं याचं सौम्य रूप म्हणजे मधुमेहात पायाची संवेदना कमी होणं. अशा माणसाचा तोल डोळ्यांवर चालतो. बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की तो डगमगतो, आणि ही तपासणीत विचारायची नेहमीची खूण आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बर्लिनच्या रोम्बर्ग या डॉक्टरच्या नावाने जी चाचणी आहे ती हीच: पाय जुळवून उभं राहा, डोळे मिटा. घरी करून बघायची असेल तर भिंतीच्या कोपर्‍यात आणि शेजारी माणूस ठेवून. डगमग असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि तोपर्यंत बेसिनपाशी एक हात कडेवर टेकलेला असू द्या. बोटाचा नुसता हलका टेकाही तोल बराच सावरतो. आधार म्हणून तो नगण्य असतो, पण शरीर किती झुकलं याची खबर त्यातून मिळते.

भाकरीच्या धाग्यात एवढंच जोडतो: बोटं बधिर असतील तर तव्यावर पाणी फिरवणं आणि भाकरी हाताने उलटणं बंद करा, उलथणं वापरा. चटका उशिरा कळतो.

दूरदेशी

इथे अमेरिकेत पाकिटातलं पीठ कधी दळलंय ते कळत नाही, आणि शेगडी काचेची. थापायला प्लास्टिकचा कागद वापरला तर सोपं जातं असं सगळे म्हणतात. त्यावर मत?

काठवट

जुन्या पिठाला उकड घ्या. पाणी खळखळून उकळल्यावर पीठ टाका, गॅस बंद, झाकून पाच-सात मिनिटं, मग कोमट असतानाच मळा. नुसत्या कढत पाण्याने मळण्यापेक्षा स्टार्च जास्त शिजतो आणि गोळा धरून राहतो.

काचेच्या शेगडीवर भाकरी आचेवर टाकून फुगवता येत नाही. थापताना खाली असलेली पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाका, लगेच पाणी फिरवा, पाणी दिसेनासं झालं पण पूर्ण वाळलं नाही अशा वेळी उलटा. दुसरी बाजू नीट भाजून पुन्हा उलटा आणि फडक्याची पुरचुंडी करून कडेकडेने दाबा. जाडी सारखी असेल तर फुगते. पाणी पूर्ण वाळू दिलं तर वरचा पापुद्रा तडकतो आणि वाफ निसटते.

प्लास्टिकबद्दल: भाकरी होते, यात वाद नाही. पण प्लास्टिकवर भाकरी फिरत नाही, तुम्ही कागद फिरवता. म्हणजे चिकटल्याची खबरच गेली. घाईच्या दिवशी वापरा, शिकताना नको.

उलटतवा

शिकताना आणखी एक. स्टीलची परात ओट्यावर स्वतःच फिरते. मग भाकरी फिरली की परात, हे हाताला कळत नाही, आणि खाली चिकटलेली भाकरी मजेत गोल फिरताना दिसते. परातीखाली ओलं फडकं दुमडून ठेवा.

शिकाऊ_उमेदवार

हे कुठल्याच कृतीत नव्हतं. फडकं ठेवतो. बाजरीलाही हेच लागू का?

काठवट

हो, पण बाजरीचं पीठ आठवड्याभरात कडवट व्हायला लागतं, तेव्हा थोडंच दळा. गोळा ज्वारीपेक्षा जरा घट्ट ठेवा, खाली पीठ दीडपट, आणि भाकरी थोडी जाड ठेवा. पातळ करायच्या नादात फिरता फिरताच कड सुटते.